सहा रंगांची डबी आणि वेरूळचा गंगाराम

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी उतारा. बोलताना अडखळले ते थोडं सावरलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा भाग एका डबीबद्दल आहे. मिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी, साधारण नऊ बाय सहा सेंटिमीटर. खिशात मावते. तिच्यात मी जलरंगांचं पॅलेट बनवलं आणि ते घेऊन वेरूळला गेले. पण हे दुसरं पॅलेट. पहिल्याची गोष्ट आधी सांगते, कारण आजचा सगळा इतिहास त्या फजितीतून सुरू झाला.

गेल्या पावसाळ्यात आम्ही ऑफिसमधले पाचजण राजगडला गेलो होतो. आदल्या रात्री अकरा वाजता मला सुचलं की चित्रं काढायला रंग न्यावेत. ट्यूबमधले रंग एका डबीत पिळले, झाकण लावलं, डबी बॅगेत टाकली, झोपले. दुसऱ्या दिवशी पद्मावती माचीवर बॅग उघडली, तर पोळ्यांच्या डब्यावर, पॉवर बँकवर आणि माझ्या एकमेव कोरड्या टी-शर्टवर लाल, निळं आणि हिरवं एकत्र नांदत होतं. चित्र एकही झालं नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "अगं, रंग वाळू तरी द्यायचे ना!"

वाळू द्यायचे. इतकं साधं. पण वाळलेला रंग पुन्हा ओला कसा होतो? आणि कुठलाही रंग वाळला तर चालतो का? बीटेक झालेल्या माणसाची अडचण अशी असते की एकदा प्रश्न पडला की रात्री दोनपर्यंत वाचत बसायचं. तशी बसले. मग लक्षात आलं की प्रवासी चित्रकाराच्या डबीचा सगळा इतिहास म्हणजे दोन परस्परविरोधी अटींची भांडणं आहेत. बॅगेत असताना रंग कोरडा हवा आणि कुंचला लागल्याबरोबर तो ओला व्हायला हवा. आमच्या भाषेत याला रिक्वायरमेंट कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

आता बघा, जलरंग म्हणजे मुळात दोनच गोष्टी. रंगाची बारीक पूड आणि ती कागदाला चिकटवून ठेवणारा डिंक. डिंक बाभळीच्या जातीच्या झाडांचा, कारण तो पाण्यात पूर्ण विरघळतो, वाळून कडक होतो आणि पाणी लागलं की पुन्हा विरघळतो. तेलरंगाचं तसं नाही. तो एकदा वाळला की वाळला. म्हणून जलरंग प्रवासाला निघू शकला, तो या डिंकामुळे.

जुन्या काळी चित्रकार रंग स्वतः घोटायचे आणि शिंपल्यात भरून ठेवायचे. युरोपात हस्तलिखितं सजवणारे हेच करायचे आणि आपल्याकडचे लघुचित्रकारही. शिंपला म्हणजे निसर्गाने फुकट दिलेलं पॅन. गेरू, हिरमजी, नीळ, काजळी, खडूचा पांढरा, हरताळाचा पिवळा, हिंगुळाचा लाल अशी रंगांची यादी. पण घोटणं हे दिवसभराचं काम. पाटा-वरवंट्यासारखी दगडाची फरशी, वर काचेचा नाहीतर दगडाचा बत्ता, आणि तासन्तास गोल गोल. हे सगळं घेऊन डोंगर कोण चढणार?

साधारण १७८० साली लंडनच्या विल्यम आणि थॉमस रीव्ह्ज या भावांनी रंगाच्या तयार वड्या काढल्या. साबणाच्या छोट्या वडीसारख्या, वर छाप मारलेल्या. १७८१ मध्ये तिथल्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांना यासाठी रुपेरी पॅलेट बक्षीस दिलं. या वड्या महोगनीच्या पेटीत मिळायच्या. पहिली अट सुटली होती. रंग कोरडा होता, सांडत नव्हता, दुकानात तयार मिळत होता. दुसरी अट अर्धीच सुटली, कारण वडी इतकी टणक असायची की बशीत पाणी घेऊन ती आपण चंदन उगाळतो तशी उगाळावी लागायची. उगाळलेला रंग दुपारपर्यंत वाळला की पुन्हा उगाळा.

इथे आपली पहिली घरगुती डबी येते, आणि ती साध्यासुध्या माणसाची नाही. जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर, १७७५ ते १८५१, इंग्लंडचा बहुधा सगळ्यात प्रसिद्ध निसर्गचित्रकार. प्रवासाचं वेड असलेला माणूस. १८०२ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समध्ये तात्पुरता तह झाल्याबरोबर हा स्वित्झर्लंडला पोचला, पुढे ऱ्हाईन नदी, मग इटली. त्याने प्रवासासाठी काय केलं, तर एका जुन्या पंचांगवजा वार्षिकाचं चामडी वेष्टन घेतलं आणि आतल्या बाजूला रंगाच्या वड्या थेट चिकटवल्या. घडी घातली की पाकीट, उघडलं की पॅलेट. बाजारात लाकडी पेट्या उपलब्ध असताना, परवडत असताना, त्याने हा जुगाड केला. हे वाचल्यावर माझ्या मिंटच्या डबीबद्दलचा न्यूनगंड कायमचा गेला.

वडी मऊ करायचा उपाय रसायनशास्त्रातून आला. मध घालून रंग थोडा ओलसर राहतो हे जुन्यांना माहीत होतं, कारण मध हवेतली ओल धरतो. पण १७७९ मध्ये कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाला ऑलिव्ह तेलावर प्रयोग करताना एक गोडसर, घट्ट द्रव मिळाला. तेच आपलं ग्लिसरीन. थंडीत ओठांना लावतो ते. तेही हवेतलं पाणी धरून ठेवतं. १८३२ मध्ये लंडनला विल्यम विन्सर आणि हेन्री न्यूटन यांनी आपली कंपनी काढली आणि त्याच दशकात ग्लिसरीन घातलेले ओलसर जलरंग छोट्या चिनी मातीच्या पॅनमध्ये विकायला सुरुवात केली. आता ओला कुंचला नुसता टेकवला की रंग उठायला लागला. उगाळणं संपलं. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणारी धातूची ट्यूब पेटंट केली, थोड्याच वर्षांत जलरंगही ट्यूबमध्ये आले. १८५३ मध्ये सोसायटी ऑफ आर्ट्सने एक शिलिंगात मिळणाऱ्या रंगपेटीसाठी स्पर्धा ठेवली आणि ती पेटी लाखोंनी खपली. रंगपेटी शाळकरी मुलांच्या हातात आली. आपण एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेला जी पेटी घेऊन बसायचो, तिची ही पणजी.

इथपर्यंतची गोष्ट इंटरनेटवर कुठेही सापडेल. रीव्ह्ज, टर्नर, विन्सर, रँड. सगळी नावं एका शहराभोवतीची. पण वाचता वाचता मला वाटायला लागलं, त्याच काळात इथे, आपल्या डोंगरात, कागद मांडीवर घेऊन कोण बसलं होतं?

तर बसलेले होते. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले. निघाले तेव्हा विल्यम जेमतेम सोळा वर्षांचा. पुढची सात-आठ वर्षं हे दोघं पालखी, बैलगाडी, होडी असं मिळेल त्याने हिंदुस्थानभर फिरले, कॅमेरा ऑब्स्क्युरा लावून रेखाटनं केली, वर जलरंगाचे हात दिले. परत जाऊन त्यांनी 'ओरिएंटल सीनरी' नावाने १४४ चित्रं छापली, १७९५ ते १८०८ या काळात. १७९३ मध्ये ते मुंबईत आले तेव्हा त्यांना जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार भेटला. वेल्स १७९१ मध्ये मुंबईत उतरला होता आणि पुण्यात पेशव्यांच्या दरबारी व्यक्तिचित्रं करत होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्याने केलेलं मोठं चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. वेल्सला लेण्यांचं वेड लागलं. घारापुरी, कान्हेरी, कार्ले आणि वेरूळ.

वेल्सचा पुण्यातला आश्रयदाता होता इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट, संगमावरच्या रेसिडेन्सीत राहणारा. मॅलेटने पेशव्यांच्या संमतीने पुण्यात चित्रकलेची एक शाळा सुरू केली. त्या वर्तुळातला एक चित्रकार म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट.

मी पुण्यात वाढले. शनिवारवाड्यावर शाळेची सहल तीनदा गेली. गंगाराम तांबट हे नाव मी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा वाचलं.

गंगारामने १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढलाय. कातडीच्या घड्या, साखळी, सगळं. त्याने मॅलेटसाठी आणि पुढे वेल्ससाठी वेरूळची लेणी रेखाटली. ही चित्रं आज अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहेत आणि ऑनलाइन बघता येतात. मी ती लॅपटॉपवर झूम करून बघितली आणि ठरवलं की या डबीची पहिली ट्रिप वेरूळला. जिथे गंगाराम बसला, तिथे बसून बघायचं की काय काय लागतं.

आता कृती. खूप जण विचारतात म्हणून नीट सांगते.

डबी आतून घासून घ्यायची, झाकणाच्या आत पांढऱ्या एनॅमलचे दोन हात द्यायचे आणि दोन दिवस वाळू द्यायचं. हे झालं मिसळायचं ताट. रंगांसाठी अर्धे पॅन विकत मिळतात, साधारण दोन सेंटिमीटर लांबीचे. नसतील तर औषधाच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप कापून घ्या, मोठ्या कॅप्सूलची असेल तर उत्तम. खाली फ्रिजच्या जुन्या मॅग्नेटची पट्टी चिकटवली की पॅन डबीत घट्ट बसतात आणि बदलताही येतात. ट्यूबमधला रंग एकदम काठोकाठ भरायचा नाही. एक तृतीयांश भरायचा, टूथपिकने ढवळून बुडबुडे काढायचे, एक-दोन दिवस वाळवायचं, मग दुसरा थर, मग तिसरा. एकदम भरला तर वरून साय धरते, आत ओलं राहतं आणि आकसताना तडे जातात. रंग फार कडक होत असेल तर थरात ग्लिसरीनचा एक थेंब. एकच. पावसाळ्यात हा थेंबही नको, कारण आपल्याकडची हवाच इतकी दमट की रंग वाळतच नाही आणि बुरशी येते.

पाच रंग ट्यूबमधले घेतले, सहावा घरी केला. गेरू. कुंभाराकडून आणला, पाण्यात ढवळला, अर्धा मिनिट थांबून वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं. वाळू, खडे खाली राहतात. असं तीनदा केलं आणि शेवटच्या भांड्यात जो गाळ बसला तो वाळवला. डिंकासाठी स्वयंपाकघरात गेले तर आई म्हणाली, "तो लाडवांचा आहे हं." तिला म्हटलं, "दोन चमचे दे गं, इतिहासासाठी हवाय." एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर ठेवून गाळलं, थोडा मध, बुरशीसाठी लवंगेच्या तेलाचा एक थेंब. मग काचेवर गेरू आणि डिंकाचं पाणी घोटायचं. मला वाटलं दहा मिनिटांत होईल. पाऊण तास लागला आणि दोन दिवस मनगट दुखत होतं. डिंक बाभळीचाच घ्या बरं का. कतीरा आणलात तर तो पाण्यात फुगून बसेल, विरघळणार नाही. आणि जुन्या यादीतले हरताळ आणि हिंगुळ घरी करायच्या भानगडीत पडू नका. एकात आर्सेनिक, दुसऱ्यात पारा.

सहाच रंग का? कारण डबी लहान. बारा पॅन बसवले तर मिसळायला जागा उरत नाही. माझे सहा असे: गेरू, पिवळी माती, एक थंड पिवळा, एक गुलाबीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. काळा घेतला नाही, हिरवा घेतला नाही. अल्ट्रामरीन ही आजची चैन आहे. तो कृत्रिमरीत्या बनायला लागला १८२० च्या दशकाच्या शेवटी, त्याआधी तो लाजवर्दाच्या दगडातून यायचा आणि फार महाग होता. त्याआधीच्या पेट्यांतली निळाई म्हणजे प्रशियन ब्लू, नाहीतर नीळ. इंग्रजी पेटीतला 'इंडिगो' म्हणजे आपलीच नीळ. 'इंडियन यलो' नावाचा पिवळा होता, त्याबद्दल त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये बिहारमधल्या मुंगेरजवळच्या गावाची माहिती लिहून पाठवली होती की तो आंब्याची पानं खाणाऱ्या गाईंच्या मूत्रापासून करतात. माल इथून जायचा आणि छाप मारलेली वडी होऊन परत यायचा.

वेरूळला मी बुधवारी गेले. मंगळवारी लेणी बंद असतात, हे मला आदल्या आठवड्यात हॉटेल बुक करून झाल्यावर कळलं होतं. सोबत कॉलेजातली मैत्रीण होती. सकाळी सातच्या आधी सोळा नंबरच्या लेण्याला, म्हणजे कैलासाला वळसा घालून वरच्या डोंगरावर चढलो. कैलास वरून खाली कोरत आणलाय, आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात. त्यामुळे वरून बघितलं की तो बांधकामाच्या खड्ड्यासारखा समोर उघडा पडतो. आणि बसल्या बसल्या पहिला धक्का. दगड काळा नाही.

फोटोत काळा दिसतो. प्रत्यक्षात सकाळच्या उन्हात तो करडा, तपकिरी, सावलीत जांभळट. गेरूत अल्ट्रामरीन मिसळलं की बरोबर हा रंग मिळतो. गेरू जास्त घातला की उन्हातला, निळा जास्त घातला की सावलीतला. दोन पॅनमध्ये अख्खं लेणं. काळा रंग घेतला नव्हता याचा मला त्या क्षणी फार आनंद झाला. मधेच एका कोपऱ्यात पांढरा गिलावा दिसतो. पूर्वी या लेण्याला रंगमहाल म्हणायचे, कारण एकेकाळी त्यावर गिलावा आणि रंग होते.

दुसरा धक्का वेळेचा. पहिल्या चित्राला चाळीस मिनिटं लागली आणि तेवढ्यात सावल्या हलल्या. जे शिखर मी सावलीत काढलं होतं ते उन्हात आलं. खांब मोजताना तीनदा चुकले. साडेनऊला गर्दी झाली, दहाला ऊन इतकं चढलं की झाकणावर मिसळलेला रंग कागदापर्यंत पोचायच्या आत वाळायला लागला. मैत्रिणीने शेवटचा अर्धा तास माझ्यावर छत्री धरली. ती नसती तर दुसरं चित्र झालंच नसतं. माझ्याकडे पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, गाडी खाली उभी होती, संध्याकाळी एसी रूम होती. अठराव्या शतकात पुण्याहून इथे येणं हाच काही दिवसांचा प्रवास. त्यात माप घेऊन, खांब मोजून, मूर्ती ओळखून काढायचं. चित्र बघताना हे दिसत नाही. बसलं की कळतं.

वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याची वेरूळची चित्रं थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लंडनला छापली, चोवीस दृश्यं. मुखपृष्ठावर नावं दोन. चित्रं जेम्स वेल्स यांची, कोरीव काम थॉमस डॅनियल यांच्या देखरेखीखाली. ज्या गंगारामने त्याच लेण्यांसमोर बसून काम केलं होतं, त्याचं नाव तिथे नाही.

मला हे का लागलं ते सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत मी चार महिने एका मॉड्यूलवर काम केलं होतं. क्लायंटसमोरच्या डेमोत पहिल्या स्लाइडवर दोन नावं होती, त्यात माझं नव्हतं. कुणी मुद्दाम काढलं नव्हतं. स्लाइड करणाऱ्याला वाटलं, दोन नावं पुरेत. आमच्या धंद्यात निदान कमिट हिस्टरी असते, कुठली ओळ कुणी लिहिली ते कधीही काढून बघता येतं. गंगारामची कमिट हिस्टरी म्हणजे येलच्या पेटाऱ्यातले ते कागद आणि वेल्सची रोजनिशी. ते टिकले म्हणून, आणि संशोधकांनी ते उघडून वाचले म्हणून, आज मी त्याचं नाव घेऊ शकते. वेल्स किंवा डॅनियल खलनायक होते असं मला म्हणायचं नाही. त्यांचं कामही अफाट आहे. पण प्रवासी चित्रकलेचा इतिहास सांगताना आपण पेटी विकणाऱ्याचं नाव सांगतो, पेटी नेणाऱ्याचं सांगतो, आणि त्याच उन्हात शेजारी बसलेल्या माणसाला सोडून देतो. मीही या भागाच्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात तेच केलं होतं. त्यात टर्नरला चार परिच्छेद होते आणि गंगारामला एक ओळ.

तर मंडळी, डबी जरूर करा. शंभर-दीडशे रुपयांत होते, ट्यूब घरात असतील तर त्याहून कमीत. रंग वाळू द्या, काळा घेऊ नका, ग्लिसरीन जपून. आणि चित्र झालं की मागे तारीख आणि जागा लिहा, सोबत जो कुणी होता त्याचंही नाव लिहा. माझ्या दुसऱ्या चित्रामागे छत्री धरणारीचं नाव आहे. तिने ते बघून विचारलं, "हे कशाला?" तिला म्हटलं, एपिसोड ऐक.

तुमच्या डब्यांचे फोटो पाठवा, फसलेल्यांचे आधी. भेटूया पुढच्या भागात.